फवारणीचं विष काढ्यानं उतरत नाही, हे आता स्पष्ट बोलायला पाहिजे

पाऊस सुरू झाला, सोयाबीनची पहिली फवारणी आली, टोमॅटो-ढबूला अळी दिसायला लागली की आमच्या कोल्हापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. फवारणीला जायच्या आधी तुळस, गुळवेल, हळद, आलं घालून उकळलेला काढा घ्या, परत आल्यावर अजून एक कप घ्या, अंगातलं सगळं विष बाहेर पडतं, आपल्या पूर्वजांनी हे कधीच सांगून ठेवलंय वगैरे वगैरे. त्याच्या खाली सगळे हात जोडतात, कोण म्हणतं वर गूळ खावा, कोण म्हणतं ताक प्यावं, कोण म्हणतं आमच्या आज्याला काय झालं नाही तर आम्हाला काय होणार. आणि हल्ली तर हाच माल बाटलीत भरून पण मिळतो, कुठं डिटॉक्स म्हणून, कुठं लिव्हर टॉनिक म्हणून. पाठवणारी माणसं वाईट नाहीत, बहुतेक जण काळजीपोटीच पाठवतात, आणि म्हणूनच हे कुणी थांबवत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. फवारणीच्या विषापासून वाचवायला कुठलाही काढा पुरत नाही, आणि तो पुरतो असं सांगत राहणं म्हणजे पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाचा जीव धोक्यात घालणं आहे. झाडपाल्याला आपल्या शेतीत मोठी जागा आहे हे मी मनापासून मानतो, पण ती जागा रानात आहे, फवारणीच कमी करण्यात आहे. आणि एक जागा दवाखान्यात आहे, ती गोष्ट पुढं सांगतो, कारण ती बऱ्याच जणांना माहितीच नसते.

आधी विष काय करतं ते बघू, निम्मा वाद तिथंच मिटतो. क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, डायमेथोएट ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. आपल्या शरीरात नसेकडून स्नायूला आणि ग्रंथीला निरोप जातो तो ॲसिटाइलकोलीन नावाच्या रसायनातून, आणि निरोप पोचला की ते रसायन लगेच तोडून टाकायला कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. हे विष नेमकं त्या एन्झाइमला जाऊन चिकटतं. मग निरोप थांबतच नाही. तोंडाला लाळ सुटते, डोळ्यातून पाणी, अंगाला दरदरून घाम, पोटात मुरडा, उलट्या, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, दंडाचे-मांडीचे स्नायू आपोआप फडफडायला लागतात, नाडी मंद होते, छातीत इतका स्राव साठतो की श्वास आत जायला वाट राहत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायूच काम सोडतात. माणूस जातो तो श्वास बंद पडून. पोटात गेलं असेल तर काही मिनिटात सुरू होतं, कातडीतून गेलं असेल तर काही तास लागतात. आता यात तुळशीनं कुठल्या ठिकाणी आणि कधी काम करायचं, हे एकदा कुणीतरी सांगावं.

लोक म्हणतात, अरे पण संशोधन झालंय की, पेपर आहेत. आहेत, खरंच आहेत. हळदीतलं कर्क्युमिन, तुळस, गुळवेल, आवळा, शेवगा, असल्या बऱ्याच वनस्पतींवर उंदरांचे प्रयोग झालेत. पण ते प्रयोग कसे असतात बघा. उंदराला काही आठवडे विषाचा थोडा थोडा डोस देतात, आणि सोबत किंवा त्याच्या आधीपासून वनस्पतीचा अर्क देतात, मग रक्त आणि लिव्हर तपासतात. अर्क दिलेल्या उंदरांचं लिव्हर कमी बिघडलेलं दिसतं, कारण या वनस्पतींमध्ये अँटिऑक्सिडंट गुण असतात आणि विषानं पेशींची जी झीज होते तिला थोडा आळा बसतो. ते खोटं नाही. पण रानात लाळ गाळत पडलेल्या माणसाचा प्रश्न लिव्हरच्या झिजेचा नसतो, त्याचा प्रश्न पुढच्या अर्ध्या तासातल्या श्वासाचा असतो. शिवाय उंदराला वजनाच्या मानानं जेवढा अर्क देतात तेवढा आपल्या कपभर काढ्यात येत पण नाही, आणि हळदीतलं कर्क्युमिन तर आपल्या आतड्यातून रक्तात फारच कमी उतरतं हे माहिती झालेलं आहे. माणसांवर नीट चाचणी घेऊन काढ्यानं विषबाधेचा पेशंट वाचला असं कुठंही सिद्ध झालेलं नाही. मग उंदरावरच्या पेपरचा फोटो टाकून खाली 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असं लिहायचं हे बरोबर नाही, कारण वाचणारा माणूस पेपर उघडून बघत नाही, तो पंप भरतो.

जे लोक वर्षानुवर्षं थोडं थोडं विष अंगावर घेतात, त्यांचं काय, हा मात्र खरा प्रश्न आहे आणि तो मी टाळत नाही. द्राक्षाच्या बागेत, भाजीपाल्यात राबणाऱ्या माणसाला डोकं दुखणं, हात थरथरणं, झोप न लागणं, अंगावर चट्टे येणं हे नेहमीचंच होऊन बसतं. अशा माणसानं आवळा खाल्ला, हळद खाल्ली, पालेभाजी खाल्ली तर चांगलंच आहे, खाऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त ते जेवण म्हणून खावं. औषध म्हणून रोज मनानं मोठ्या मात्रेत काढे पिणं हे निरुपद्रवी असतं असं पण समजू नका. कोरोनाच्या काळात मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला सूज आल्याची नोंद केली होती, आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल असंही म्हटलं गेलं. कुणाचंही खरं धरा, रानातली वेल ओळखून आणून मापात देणं हे सोपं काम नाही एवढं तर त्यातून दिसतंच. कडुलिंबाचं तेल लहान बाळांना पाजल्यावर आकडी आल्याच्या आणि लिव्हर बिघडल्याच्या नोंदी आहेत. झाडाचं आहे म्हणून गरीब आहे असं काही नसतं. तंबाखूतलं निकोटीन एकेकाळी कीटकनाशक म्हणूनच वापरायचे आणि आज आपण मावा-तुडतुड्याला मारतो ते इमिडाक्लोप्रिड त्याच धर्तीवर बनवलेलं आहे, सायपरमेथ्रिनचा गट शेवंतीच्या जातीच्या फुलातल्या द्रव्यावरून आला, आणि कार्बामेट गटाचा धागा आफ्रिकेतल्या एका विषारी शेंगेपर्यंत जातो. झाडं स्वतःला वाचवायला विषं बनवतात, आपण ती शिकून घेतली.

आता आयुर्वेदाचं. मला राग येतो तो इथं, कारण आयुर्वेदाचं नाव घेऊन जे सांगितलं जातं ते आयुर्वेदात सांगितलेलं तरी आहे का हे कुणी बघत नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अख्खं अंग विषावर आहे, अगदतंत्र. चरकानं विषघ्नांमध्ये शिरीष श्रेष्ठ म्हटलाय, आणि अंगात साठून राहून हळूहळू त्रास देणाऱ्या विषाला दूषीविष असं वेगळं नाव आहे, म्हणजे या लोकांनी किती बारकाईनं बघितलं होतं ते कळतं. पण त्याच चरकसंहितेत विषावरचे चोवीस उपक्रम दिलेत आणि त्यात बांधणं, कापणं, पिळून काढणं, पाणी ओतत राहणं, अंघोळ घालणं, उलटी, रेचक असं किती तरी येतं, म्हणजे विष अंगावरून आणि अंगातून बाहेर काढायचं याच्यावर केवढा भर आहे. काढा पाजून माणसाला परत विषात उभा करा असं त्यात कुठंही नाही. आणि त्या काळची विषं सापाची, विंचवाची, मुळ्यांची आणि खनिजांची होती. झायलीनसारख्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं ऑर्गॅनोफॉस्फेट त्यांनी बघितलेलं नव्हतं, तसल्या औषधाला उलटी करवली तर ते फुप्फुसात जाऊन वेगळाच घात होतो. चरकाचा मान राखायचा असेल तर त्याच्यासारखं बघायला शिकलं पाहिजे, डोळे उघडे ठेवून.

आणि आता ती दवाखान्यातली गोष्ट. या विषावर जे औषध खरंच चालतं, ते झाडातूनच आलंय. ॲट्रोपिन. युरोपातल्या बेलाडोना नावाच्या झुडपातून ते एकोणिसाव्या शतकात वेगळं काढलं, आणि आपल्या उकिरड्यावर, ओढ्याच्या कडंला उगवणारा धोतरा त्याच कुळातला, त्याच्यात पण हेच द्रव्य असतं. निरोप थांबत नाही म्हणून वाहायला लागलेल्या ग्रंथींना आणि मंदावलेल्या हृदयाला ॲट्रोपिन आडवं येतं, छाती कोरडी करतं, नाडी वर आणतं. म्हणजे झाडपाल्यात ताकद आहे का, तर आहे, प्रचंड आहे. पण ती कधी कामाला आली, तर कुणीतरी ते द्रव्य शुद्ध केलं, मोजलं, किती दिलं तर माणूस वाचतो आणि किती दिलं तर भ्रमिष्ट होऊन मरतो हे शोधलं, तेव्हा. हे वाचून कुणी धोतऱ्याच्या बिया उकळायला जाऊ नका, हात जोडून सांगतो. एका बोंडात किती द्रव्य आहे ते बोंडागणिक, झाडागणिक बदलतं, आणि धोतऱ्यानं माणसं मेलेली आहेत. आपल्या राधानगरी-आंबा भागातला नरक्या बघा, त्याच्यापासून निघणाऱ्या द्रव्यावर कॅन्सरची औषधं बनतात, त्यापायी त्याची चोरटी तोड होते, पण नरक्याचं लाकूड उकळून प्या असं कुणी शहाणा सांगत नाही. तेच डोकं इथं का लावत नाही आपण?

ॲट्रोपिनचा हिशोब पण सांगतो, कारण गावाच्या दृष्टीनं तोच महत्त्वाचा आहे. आपल्याकडं एक अँप्युल साधारण ०.६ मिलिग्रॅमची येते. गंभीर पेशंटला डॉक्टर पहिलाच डोस ३ मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे पाच अँप्युल. छाती कोरडी झाली नाही तर पाच मिनिटांनी दुप्पट, दहा. परत पाच मिनिटांनी वीस, मग चाळीस. पंधरा मिनिटात पाऊणशे अँप्युल फुटल्या, आणि अजून पेशंट स्थिर झाला असेलच असं नाही, त्याच्यानंतर सलाईनमधून चालू ठेवायचं असतं. सोबत विषाला एन्झाइमपासून सोडवणारं प्रॅलिडॉक्सिम लागतं, ते पण वेळेत, कारण विष एन्झाइमला जितका वेळ चिकटून राहील तितकं ते कायमचं बसतं आणि मग ते सोडवता येत नाही. ही दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. तर आपल्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात आज किती अँप्युल आहेत, हा प्रश्न आपल्यापैकी कुणी कधी विचारलाय का? काढ्याचे पन्नास मेसेज फॉरवर्ड झाले असतील, हा प्रश्न एकदाही नाही.

आमच्या भावकीतल्या एका पोराचं झालेलं मी जवळून बघितलंय. दुसऱ्याच्या टोमॅटोत पंपावर पैसे ठरवून फवारणीला गेला होता, म्हणजे जितके पंप मारशील तितके पैसे, त्यामुळं घाई. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ आणि खालची हाफ पँट भिजलेली. औषध टोपणानं मोजलं, एकात दुसरं मिसळलं, दुकानदारानंच सांगितलं होतं म्हणे, दोन्ही एकदम मारा. नोझल चोंदलं की तोंडानं फुंकायचं, हे तर आमच्याकडं सगळेच करतात. दुपारी घरी आला तो गरगरतंय म्हणत. घरची म्हणाली, "काय न्हाई, ऊन लागलंय, जरा निवांत पडू द्या." त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, ऊन कुठलं आलं. मग ताक झालं, शेजारच्या काकींनी काढा आणून दिला, तो प्याला आणि ओकला, परत दिला. भिजलेले कपडे तसेच अंगावर. दीड-दोन तास असेच गेले. मग आशाताई आल्या, त्यांनी बाकी कुणाला न विचारता पहिल्यांदा त्याचा डोळा उघडून बॅटरी मारून बघितली आणि म्हणाल्या, "ह्याची बाहुली बगा केवढी झालीया, हे ऊन न्हवं, १०८ ला फोन लावा आणि आधी ह्याची कापडं काढा, साबण लावून धुवा ह्याला." औषधाची बाटली पिशवीत घालून सोबत दिली ती पण त्यांनीच.

पोरगा वाचला. पण दुसऱ्या दिवशी जरा बोलायला लागल्यावर घरचे डिस्चार्ज मागायला लागले, बरा झालाय की आता, उगं बिल कशाला वाढवायचं. डॉक्टरांनी सोडलं नाही हे नशीब, कारण तिसऱ्या दिवशी त्याला उशीवरनं मान उचलता येईना, आणि श्वास कमी पडायला लागला म्हणून व्हेंटिलेटर लावावा लागला. या विषात असं होतं, पहिलं संकट टळल्यावर एक ते चार दिवसात मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात, त्याला इंटरमिजिएट सिंड्रोम म्हणतात, १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याला हे नाव दिलं. हे घरच्यांना माहिती नसतं, आणि पेशंट बसून चहा प्यायला लागला की विषय संपला असं वाटतं.

आता यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. पोरगा घरी आल्यावर गल्लीत बोललं काय गेलं, तर वेळेला काढा दिला होता म्हणून वाचला. आशाताईंचं नाव कुणी घेतलं नाही. काढ्यावरचा विश्वास असाच टिकतो. बऱ्याच जणांना विषबाधा सौम्यच होते, चक्कर, मळमळ, रात्रीत उतरते, ती आपोआप उतरलेली असते आणि श्रेय काढ्याला जातं. आणि जो गेला, त्याच्याबद्दल काढ्याला कुणी जाब विचारत नाही, त्याची वेळ भरली होती असं म्हणतात. दरम्यान पुढच्या हंगामाला तोच काढा पिऊन दुसरा कोणतरी हातमोजे न घालता उभा राहतो, कारण आपण सेफ आहोत असं त्याला मनातून वाटत असतं. काढ्यात विष नसलं तरी हा भरवसा विषारी आहे.

खरं तर विष अंगात जातं कुठून, हे कळलं तरी किती तरी गोष्टी बदलतील. लोकांना वाटतं वासानं जातं, म्हणून रुमाल बांधतात. रुमाल भिजला की तोच नाकातोंडावर विषाची पट्टी होऊन बसतो. फवारणीत मोठा वाटा कातडीचा असतो. पॅराथिऑन नावाचं विष स्वयंसेवकांच्या कातडीवर वेगवेगळ्या ठिकाणी लावून मोजलेलं आहे. मनगट ते कोपर या भागातून जेमतेम नऊ टक्के आत गेलं, कपाळातून आणि टाळूतून साधारण एक तृतीयांश, काखेतून दोन तृतीयांशाच्या आसपास, आणि अंडकोषाच्या कातडीतून जवळजवळ सगळंच्या सगळं. आता गळक्या पंपाखाली भिजलेली हाफ पँट डोळ्यासमोर आणा. या माणसाला काढा द्यायचा का पाठीवर बांधायला प्लास्टिकचा कागद, नायट्राइलचे हातमोजे, फुल पँट आणि न गळणारा पंप द्यायचा? आणि ऊस आठ-दहा फुटाचा झाल्यावर आत शिरून फवारायचं तर औषध डोक्यावर, तोंडावरच येणार. २०१७ ला यवतमाळात हेच झालं होतं, कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेलेली, मजूर आत शिरून फवारत होते, दोन-तीन औषधं मिसळून. वीसच्या वर माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. ती सगळी विदर्भातली, कापसातली म्हणून आपण पेपर बाजूला ठेवला. आपल्या शिरोळ-हातकणंगल्यातला भाजीपाला, आपला ऊस, आपलं सोयाबीन, तिथं तीच औषधं, तेच पंप आणि तीच घाई आहे.

आणि पंप मारणाऱ्याशिवाय पण माणसं आहेत या गोष्टीत. फवारलेल्या रानात दुसऱ्या दिवशी भांगलायला बायका जातात, त्यांना कुणी सांगत नाही काल काय मारलंय. भिजलेले कपडे घरातल्या बाकीच्या धुण्यात जातात आणि ते धुणारे हात बहुतेक वेळा बाईचेच असतात. त्यांच्यासाठी तर काढ्याचा मेसेज पण नाही.

काढ्याच्या प्रचाराचं मला दिसणारं सगळ्यात मोठं नुकसान हे आहे की जबाबदारी चुकीच्या माणसावर जाऊन पडते. विषबाधा झाली का, मग तू काढा घेतला नसशील, तुझी प्रतिकारशक्ती कमी असेल. म्हणजे विष विकणारा सुटला, मिसळून मारा म्हणून सांगणारा सुटला, हातमोजे न देता मजूर लावणारा मालक सुटला, परवानगी देणारं सरकार सुटलं, अडकलं कोण, तर पंप पाठीवर घेणारा. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे, नियम १९७१ चे आहेत, त्यात संरक्षक कपड्यांची तरतूद आहे, लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, आणि आतल्या माहितीपत्रकात विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापणं बंधनकारक आहे. ते पत्रक एकदा उघडून बघा. घडीवर घडी घातलेलं, इतक्या बारीक अक्षरात की तरण्या पोराला पण उजेडात धरून वाचता येत नाही. लाल त्रिकोण म्हणजे काय हे मी बऱ्याच जणांना विचारलं, जास्तीत जास्त उत्तर आलं, "ते जरा जड औषध असतंय, रिझल्ट चांगला येतो."

सरकारी बाजू तर फारच सावकाश हलते. बाहेर बंद झालेली आणि आपल्याकडं चालू असलेली ६६ कीटकनाशकं तपासायला २०१३ ला अनुपम वर्मा समिती बसली, २०१८ मध्ये १८ वर बंदीचा आदेश निघाला, त्यातली सहा २०२० च्या शेवटी बंद व्हायची होती. मग २०२० च्या मे महिन्यात अजून २७ वर बंदीचा मसुदा आला आणि शेवटी २०२३ मध्ये त्यातल्या मोजक्यांवरच गदा आली. मोनोक्रोटोफॉस हेच बघा, बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात २०१३ ला शाळेच्या जेवणातून हे पोटात जाऊन २३ लेकरं गेली, भाजीपाल्यावर ते त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होतं, तरी पुढं दहा वर्षं दुकानात मिळत राहिलं. उलट श्रीलंकेनं नव्वदच्या दशकात सगळ्यात जहाल औषधं बाजारातून काढली, तिथं विषानं जाणारे जीव खूप कमी झाले आणि पिकाचं उत्पादन काही घटलं नाही. माणसं वाचवायचा हा खरा उतारा आहे, बाजारातून जहाल माल काढणं. तो कुणाला उकळून प्यावा लागत नाही.

मग झाडपाल्याचं काय, तर आता रानात या. निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवायच्या, पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळून शंभर लिटर करायचं, थोडा साबण घालायचा, झाला पाच टक्के निंबोळी अर्क, मावा, तुडतुडे, लहान अळी सुरुवातीलाच असेल तर चांगलं काम करतो. उशिरा मारला, अळी मोठी झाल्यावर मारला, तर नाही करत, हे पण खरं सांगायला पाहिजे, नाहीतर माणूस एकदा फसतो आणि परत रासायनिकवर जातो. दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क, करणाऱ्यांनी पण लक्षात ठेवावं, त्यात रुई, कण्हेर असते, कण्हेर हृदयावर घाला घालणारी आहे, तिथं पण हातमोजे पाहिजेत. आणि हुमणी, म्हणजे जमिनीत राहून मुळं खाणारी अळी, जिच्यासाठी आपण उसाच्या मुळात लिटरच्या लिटर क्लोरपायरीफॉस ओततो. माळरानावरच्या हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात. गावानं मिळून त्या आठ-पंधरा दिवसात फांद्या हलवून भुंगेरे पाडले, प्रकाश सापळे लावले, रॉकेलच्या पाण्यात बुडवले, तर पुढची अळीच कमी होते. एकट्यानं करून उपयोग नाही, भुंगेरे बांध बघत नाहीत, हे गावाचंच काम आहे. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी आहे ती वेगळी. आणि लोकरी मावा आठवतोय का, २००२ च्या सुमाराला आला तेव्हा ऊस पांढरा पडला होता, लोक फवारून थकले, शेवटी तो आवरला कुणी, तर डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी, ते प्रयोगशाळेत वाढवून, एका रानातून दुसऱ्या रानात सोडून. जिथं जास्त फवारलं तिथं मित्रकीटक पण मेले. एवढा मोठा धडा आपल्या डोळ्यासमोर घडलेला आहे आणि आपण चर्चा कशाची करतोय, तर काढ्यात हळद किती घालायची.

कुणी म्हणेल, तुम्ही कंपन्यांची बाजू घेताय, देशी ज्ञानाची टिंगल करताय. अजिबात नाही. माझ्या घरात आजीच्या वेळेपासून अडुळसा, ओवा, सुंठ चालते, सर्दी-खोकल्याला मी स्वतः काढा घेतो. पण सर्दी आपोआप पण बरी होते, तिथं चुकलं तर एक रात्र जाते. इथं चुकलं तर माणूस जातो. पॅराक्वाट तणनाशक पोटात गेलं तर त्याला डॉक्टरांकडं पण खात्रीचा उतारा नाही, फुप्फुसं दगड होतात, तिथं झाडपाला देत बसणं म्हणजे जो काही थोडा वेळ हातात असतो तो पण घालवणं आहे. खरं तर देशी ज्ञानाची आब राखायची असेल तर जिथं त्याचा उपयोग नाही तिथं नाही म्हणायची हिंमत त्या ज्ञानावर प्रेम करणाऱ्यांनीच दाखवायला पाहिजे, विशेषतः आमच्या भागातल्या वैद्यांनी. त्यांचा शब्द लोक ऐकतात, माझा कोण ऐकतोय.

तोवर जे करायचं ते असं. फवारताना गरगरलं, लाळ सुटली, बाहुली बारीक दिसली, की पंप टाकून आधी कपडे काढा, साबण आणि भरपूर पाण्यानं अंग, केस, नखं धुवा, धुणाऱ्यानं पण हातमोजे घाला. दूध नाही, तूप नाही, मिठाचं पाणी पाजून उलटी नाही, काढा नाही, काहीच पाजायचं नाही. कुशीवर झोपवा, १०८ लावा, बाटली सोबत घ्या म्हणजे डॉक्टरला कुठलं विष ते कळेल. डॉक्टर थांबा म्हणतील तितके दिवस थांबा.

आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी लेखी मांडणार आहे, तुम्ही पण आपापल्या गावात मांडा. आरोग्य केंद्रात ॲट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्सिम किती आहे ते बोर्डावर लिहा. पंचायतीच्या किंवा सोसायटीच्या पैशातून गावासाठी न गळणारे पंप आणि हातमोज्यांचे जोड घ्या, मजुराला ते घेतल्याशिवाय फवारणीला लावायचं नाही असा ठराव करा. आणि फवारलेल्या रानाच्या बांधाला लाल फडकं बांधायचं, तारीख आणि औषधाचं नाव लिहून, म्हणजे दुसऱ्या दिवशी भांगलायला येणाऱ्या बायकांना आत जायचं का नाही ते कळेल.